ग्रामसभा

ग्रामपंचायतीच्या क्षेत्रातील मतदारयादीत ज्यांची नावे नोंदलेली आहेत, अशा सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांची सभा म्हणजे ग्रामसभा होय. ग्रामपंचायत ही निवडून आलेल्या सदस्यांची संस्था आहे, तर ग्रामसभा ही त्यांना निवडणाऱ्यांची. लोकसभेत, विधानसभेत किंवा जिल्हा परिषदेत नागरिकाच्या वतीने दुसरा कोणीतरी बोलत असतो. ग्रामसभेत मात्र तो स्वतः उपस्थित राहून प्रश्न विचारू शकतो, हिशेब मागू शकतो आणि ठरावावर मत देऊ शकतो. भारतीय राज्यव्यवस्थेत प्रत्यक्ष लोकशाहीला कायद्याने दिलेली ही जवळजवळ एकमेव नियमित जागा आहे. महाराष्ट्रात सुमारे २८,००० ग्रामपंचायती आहेत. त्यांपैकी सहाशेहून अधिक धाराशिव (२०२३ पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात आहेत. या जिल्ह्याचा अनुभव प्रस्तुत नोंदीत विशेष तपशिलाने विचारात घेतला आहे. कारण ग्रामसभेचे बळ आणि तिची उणीव या दोन्ही गोष्टी १९९३ च्या भूकंपानंतर येथे जितक्या स्पष्टपणे दिसून आल्या, तितक्या त्या राज्यात अन्यत्र क्वचितच दिसल्या असतील.

पूर्वपीठिका : गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याची कल्पना जुनी आहे. वैदिक वाङ्‌मयात सभा व समिती यांचे उल्लेख येतात. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथील चोल राजा पहिला परांतक याच्या काळातील (दहाव्या शतकाचा पूर्वार्ध) शिलालेखांत ग्रामसमित्यांचे सदस्य चिठ्ठ्या टाकून कसे निवडावेत, याची सविस्तर पद्धत दिली आहे. उमेदवारांची नावे ताडपत्रांवर लिहून ती घागरीत टाकीत व एका लहान मुलाकडून त्यांतील एकेक बाहेर काढवीत. जुन्या समित्यांच्या हिशेबात ज्याने घोळ केला असेल, तो अपात्र ठरे. मात्र स्वतःची जमीन, स्वतःचे घर व वेदांचे ज्ञान अशा अटी असल्यामुळे गावातील फार थोड्यांचीच नावे त्या घागरीत पडू शकत असत.

मराठी मुलखात गोतसभा ही संस्था प्रचलित होती. वतनाचे, शिवेचे व वारशाचे तंटे तिच्यापुढे येत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार अशी समस्त पांढरी त्यासाठी जमे आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना लिहिता येत नसे, ते आपल्या व्यवसायाचे चिन्ह निशाणी म्हणून काढीत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, महाराचा दोर अशा निशाण्या जुन्या महजरांवर आढळतात. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जात असे. याचा अर्थ तो गावात समान होता, असा नव्हे. त्याच्या ज्ञानावाचून गावाचे चालत नसे, एवढाच त्याचा अर्थ. अशा सभेत स्त्रियांना नियमित स्थान नव्हते. शिवाय गोतसभा ही मुख्यतः निवाडा करणारी संस्था होती. गावाच्या खर्चाचा किंवा विकासाचा आराखडा ठरविणे हे तिचे काम नव्हते. आजच्या ग्रामसभेला गोतसभेची वारसदार म्हणण्याची प्रथा आहे, ती या मर्यादा लक्षात ठेवूनच स्वीकारावी.

ब्रिटिश अंमलाखालील मुंबई इलाख्यात १९२० व १९३३ च्या कायद्यांनी ग्रामपंचायती स्थापन होऊ लागल्या. धाराशिवचा प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव पडले. संस्थानात पंचायतविषयक कायदे झाले, तरी सामान्य रयतेला राज्यकारभारात वाव नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचे भारतात विलीनीकरण झाले. १९५६ मध्ये हैदराबाद ग्रामपंचायत अधिनियम संमत झाला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. पुढे मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याने विभागवार असलेले वेगवेगळे कायदे रद्द करून सर्वांना एक कायदा लागू केला. तोच आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो.

संविधान व ग्रामसभा : ग्रामस्वराज्य हा म. गांधींच्या विचाराचा गाभा होता. तथापि संविधानाच्या मूळ मसुद्यात पंचायतींना स्थान नव्हते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला राज्याचा पाया करण्याच्या कल्पनेवर कठोर टीका केली. खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे व जातीय वृत्तीचे आगर आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नंतर दुरुस्ती होऊन अनुच्छेद ४० अन्वये ग्रामपंचायती संघटित करण्याचे मार्गदर्शक तत्त्व समाविष्ट झाले. हा वाद केवळ ऐतिहासिक आहे, असे मानणे चुकीचे होईल. गावातील सर्वांना एका सभेत बसविले, म्हणजे सर्वांना बोलता येतेच असे नाही, हा आंबेडकरांच्या आक्षेपातील मर्माचा भाग आजही प्रत्येक ग्रामसभेला लागू पडतो.

१९५७ च्या बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशींनंतर पंचायत राज्याची उभारणी झाली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यान्वित झाल्या. या रचनेत सत्तेचा भर जिल्ह्यावर राहिला व ग्रामसभा मागे पडली. ग्रामसभांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी केंद्र शासनाने नेमलेल्या रं. रा. दिवाकर यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६३ मध्ये अहवाल दिला. सभांना लोक येत नाहीत, ही त्या काळातील प्रमुख तक्रार होती. पुढील तीस वर्षांत तीत फारसा फरक पडला नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३ पासून) ग्रामसभेला प्रथमच संविधानात स्थान मिळाले. परंतु तिचे अधिकार कोणते, हे ठरविण्याचे काम अनुच्छेद २४३ क ने राज्यांच्या विधिमंडळांवर सोपविले. त्यामुळे ग्रामसभा असलीच पाहिजे हे संविधानाने सांगितले, पण तिने काय करावे हे सांगितले नाही. १९९९-२००० हे वर्ष केंद्र शासनाने ‘ग्रामसभा वर्ष’ म्हणून जाहीर केले होते.

रचना व कार्यपद्धती : महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस त्यांसाठी रूढ झाले आहेत. सभा बोलाविण्याची जबाबदारी सरपंचाची असून पुरेशा कारणावाचून ती टाळल्यास त्याचे पद जाऊ शकते. सभेची सूचना किमान सात दिवस आधी फलकावर लावावयाची व दवंडी पिटून द्यावयाची असते. इतिवृत्त ग्रामसेवक (२०२४ पासूनचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लिहितो. वार्षिक हिशेब, विकास आराखडा, शासकीय योजनांच्या लाभार्थींची निवड आणि झालेल्या खर्चाची तपासणी हे सभेपुढील मुख्य विषय होत. गावात काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यांच्या हजेरीविषयीही ग्रामसभेला वरिष्ठांकडे अहवाल पाठविता येतो. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पंचायत सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने अविश्वासाचा ठराव संमत केला, तरी तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने मान्य व्हावा लागतो. ही थेट निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली व २०२२ मध्ये पुन्हा आली.

गणपूर्तीचा नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल, तितक्यांची उपस्थिती आवश्यक असते. तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे, म्हणजे शेकडा तीन-साडेतीन, जमली की सभा वैध ठरते. तेवढीही जमली नाहीत, तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. नियम करणाऱ्यांचा हेतू स्पष्ट होता. लोकांच्या उदासीनतेमुळे गावाचा कारभार अडून राहू नये, अशी त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात मात्र अवघड विषय तहकूब सभेसाठी राखून ठेवण्याची सोय त्यातून झाली. हजेरीची वही सभेनंतर घरोघर फिरविली जाते, अशी तक्रारही अनेक गावांत ऐकू येते. अशा ठिकाणी गैरहजर मतदाराची अनुपस्थिती ही त्याची मूक संमती ठरते.

याच्या नेमके उलट तत्त्व दारूबंदीच्या मतदानात आढळते. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील २५ टक्के मतदारांनी अथवा महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूचे दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली व आडवी बाटली अशी चिन्हे असतात. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला, मतदानास आलेल्यांच्या नव्हे, तर नोंदलेल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. म्हणजे येथे जी बाई मतदानाला येऊ शकली नाही, तिचे मत दारूच्या बाजूने धरले जाते. एकाच गावात, एकाच कायदेव्यवस्थेखाली, अनुपस्थितीचे असे दोन अर्थ लावले जातात आणि दोन्ही वेळा त्याचा तोटा बहुधा दुर्बलांनाच होतो.

भूकंप पुनर्वसन व ग्रामसभा : ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर मोठा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व औसा तालुक्याचा परिसर आणि उस्मानाबाद जिल्ह्यातील तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर, पेठसांगवी, होळी, राजेगाव इ. गावे उद्ध्वस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील जड माळवदे कोसळल्यामुळे झोपेतील माणसे गाडली गेली. ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने १९९४ पासून महाराष्ट्र भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्याचे तीन भाग होते. पूर्णतः नष्ट झालेली ५२ गावे नव्या जागी वसवावयाची होती, २२ गावे त्याच जागी पुन्हा बांधावयाची होती आणि अनेक जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते. गाव कोठे हलवावे, लाभार्थी कोण, भूखंड कोणाला व कोणता, असे प्रश्न अल्पावधीत उभे राहिले. दूरच्या कचेरीतून ते सोडविणे अशक्यच होते. म्हणून गावपातळीवर समित्या नेमण्यात आल्या आणि याद्या व आखणी ग्रामसभेपुढे ठेवण्याची पद्धत सुरू झाली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने स्थलांतरित गावांतील लोकसहभागाच्या कामात भाग घेतला. घराच्या जागेचा प्रश्न असल्याने ज्या सभांना एरव्ही पंधरा-वीस माणसे जमत, तेथे सारे गाव लोटणे स्वाभाविक होते. ग्रामसभेकडे लोक का वळत नाहीत, या दिवाकर अभ्यासगटापासून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर या अनुभवात सापडते. सभेच्या निर्णयावर ज्याचे काही अवलंबून असते, तो सभेला येतो.

स्थलांतरित ५२ गावांत मुख्यतः दानशूर संस्था, उद्योगसमूह व ठेकेदार यांच्याकरवी बांधकाम झाले. नव्या गावांची आखणी सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रुंद रस्त्यांची होती. ती शहरातील वसाहतीसारखी दिसे. दगडी घराची धास्ती घेतलेल्या लोकांना अंतर राखून बांधलेली घरे हवीशी वाटली, यात नवल नाही. पुढे मात्र शेत लांब पडले, गुरांना जागा राहिली नाही, शेजार तुटला, अशी टीका अभ्यासकांनी केली. यावरून ग्रामसभेचा कौल चुकीचा होता, असे काही जण म्हणतात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. संकटानंतर काही महिन्यांत, नमुना म्हणून एकच नकाशा दाखवून घेतलेल्या होकाराला कौल म्हणावे काय, हा आधीचा प्रश्न आहे.

घराच्या आकाराची गोष्ट याहून बोलकी आहे. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौ. फुटांचे, एक ते सात हेक्टर जमीन असणाऱ्यांना ४०० चौ. फुटांचे आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौ. फुटांचे घर मिळाले. जुन्या गावातील जमिनीची विषमता अशा प्रकारे नव्या गावाच्या पायाभरणीतच उतरली. हे माप शासनाच्या धोरणाने ठरले होते. ग्रामसभेपुढे कोणत्या मापात कोण बसतो याची यादी आली. मुळात मापे अशी का असावीत, हा प्रश्न आला नाही. लोकसहभागाच्या पुष्कळ योजनांत हाच क्रम दिसतो. महत्त्वाचे ठरवून झाल्यावर उरलेले ठरविण्यासाठी लोकांना बोलाविले जाते. शिवाय हा प्रश्न ग्रामसभेपुढे आला असता, तरी भूमिहीनांना तेथे बहुमत मिळालेच असते, असेही खात्रीने सांगता येत नाही.

दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या भागात चित्र निराळे होते. तेथे घरमालकाला हप्त्याहप्त्याने पैसा मिळे व बांधकाम त्याने स्वतः करून घ्यावयाचे असे. या कामी लोकसहभागाचे सल्लागार म्हणून स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेची नेमणूक झाली. प्रेमा गोपालन (मृत्यू २०२२) या तिच्या संस्थापक होत. दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे १,३०० गावांत स्थानिक स्त्रियांतून ‘संवाद सहायक’ नेमण्यात आल्या. शासनाची योजना घरोघर समजावून सांगणे, हप्ता कोठे अडला याचा शोध घेणे, कोपऱ्यांचे सांधे व भिंतीतील पट्टा नियमाप्रमाणे बसविला आहे की नाही हे पाहणे आणि अडचणी अभियंत्यांपुढे मांडणे, अशी त्यांची कामे होती. गवंडीकाम ही बायकांच्या बोलण्याची बाब नव्हे, असा समज सर्वत्र होता. घराच्या भिंतीतील दगड कसा बसवावा, यावर गावातील बाई अभियंत्याशी बोलू लागली, ही त्या काळात लहान घटना नव्हती.

यातील कार्यपद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. स्त्रियांना एकदम ग्रामसभेत उभे करण्यात आले नाही. त्या आधी आपल्या गल्लीत, महिला मंडळात व शेजारच्या गावांतील स्त्रियांबरोबर बोलल्या. माहिती मिळवून मगच मोठ्या सभेत आल्या. पुनर्वसन संपल्यावर त्यांपैकी अनेक मंडळांचे बचत गट झाले आणि पाणी, शाळा, आरोग्य उपकेंद्र यांविषयीचे प्रश्न ते विचारू लागले. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या काही स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी कच्छमध्ये गेल्या होत्या. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवावेत, अशी तरतूद राज्याच्या कायद्यात नंतर झाली. या जिल्ह्यातील अनुभवाचाच तो परिणाम होता असे म्हणता येणार नाही, पण त्या तरतुदीमागील कारण या अनुभवावरून चांगले समजते. २०११ पासून पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. राखीव जागेमुळे एक स्त्री सरपंच होते, तर महिला सभेमुळे इतर स्त्रियांना तिला प्रश्न विचारता येतो. या दोन गोष्टी एकच नव्हेत.

स्थलांतर व ग्रामसभा : धाराशिव हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. कळंब, वाशी, भूम या भागांतून ऊसतोडीसाठी दरवर्षी हजारो कुटुंबे बाहेर पडतात. दसरा-दिवाळीनंतर कोयता गाव सोडतो आणि गाळप हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततो. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते, तेव्हा ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. २०१८ पासून ग्रामपंचायत विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर या काळात राबविण्याचा प्रघात पडला. म्हणजे आराखड्याचे काम पुढे सरकते तसतसे गावातील मजूर गाव सोडीत असतात. मतदारयादीत त्यांची नावे राहतात, गणपूर्तीच्या हिशेबात त्यांची संख्या धरली जाते आणि त्यांच्या वस्तीचा रस्ता किंवा नळ हा विषय मात्र त्यांच्या गैरहजेरीत निकाली निघतो. गावापासून दूर असलेल्या वाड्या व तांडे यांचीही गोष्ट काहीशी अशीच आहे. सभा मूळ गावात भरते व दवंडी तांड्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. हंगामी स्थलांतर असलेल्या गावांनी आराखड्याची मुख्य सभा पावसाळ्यात घ्यावी, याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. चारांहून अधिक सभा घेण्यासही मुभा आहे. प्राचीन अथेन्समध्ये इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आरंभापासून नागरिकसभेस येणाऱ्याला भत्ता दिला जात असे. गरिबाला सभेसाठी दिवस मोडणे परवडत नाही, हे अथेन्सवासीयांनी ओळखले होते. भारतात सदस्यांना भत्ता आहे, मतदाराला नाही.

जिल्ह्यातील ग्रामसभांपुढील सर्वांत कठीण विषय पाण्याचा आहे. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांत टँकर कोठे उभा राहावा, येथपासून वाद झाले. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात ग्रामसभेतून समिती निवडण्याची आणि अटल भूजल योजनेत गावाचे पाण्याचे अंदाजपत्रक मांडण्याची पद्धत होती. हा जिल्हा दोन्हींत समाविष्ट होता. पाण्याचे अंदाजपत्रक मांडणे सोपे, पाळणे कठीण असते. विहिरीवर मालकी खाजगी आणि खालचे पाणी सर्वांचे, अशी ही अडचण आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने ती बऱ्याच अंशी सोडविली. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात तेथील ग्रामसभेने शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी पाऊस व विहिरींची पातळी मोजून कोणती पिके घ्यावयाची, हे ठरविण्याचा पायंडा पाडला. बंदी कागदावर न राहता पाळली गेली, याला कारण तिच्या आधीची अनेक वर्षांची मृद्‌संधारणाची कामे होत. ठराव आधी व पाणी नंतर, असा उलटा क्रम अन्यत्र पुष्कळदा फसला आहे.

अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभा : १९९६ च्या पंचायत विस्तार कायद्याने आदिवासी क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण खनिजे, गौण वनोपज, जमीन इ. बाबतींत इतरांपेक्षा अधिक अधिकार दिले. तेथे एखाद्या पाड्यालाही स्वतंत्र ग्रामसभेचा दर्जा मिळू शकतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने त्याच्याही आधीपासून सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाळली होती. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल (मृत्यू २०२५) यांची नावे या गावाशी निगडित आहेत. मेंढ्यात ग्रामसभेबरोबरच अभ्यासगट चाले. तेथे निर्णय घेत नसत, केवळ विषय समजून घेत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला व २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हाती आले. धाराशिव जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. तेथील ग्रामसभेकडे अशी स्वतःची संपत्ती नाही; तिला बहुतांशी वरून आलेल्या निधीचे वाटप करावे लागते. मेंढ्याची उदाहरणे देऊन मराठवाड्यातील गावांना दोष देणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

अन्य प्रयोग : स्वित्झर्लंडमधील ग्लारुस व आपेनझेल इनररोडन या परगण्यांत नागरिक आजही उघड्या मैदानात हात वर करून मत देतात. त्यांपैकी दुसऱ्यात स्त्रियांना या सभेत मताचा हक्क मिळाला तो १९९० मध्ये, तोही न्यायालयाच्या आदेशाने. ब्राझीलमधील पोर्तू आलेग्रे शहराने १९८९ मध्ये लोकसहभागी अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली. तिच्या धर्तीवर पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेण्यास प्रारंभ केला. केरळने १९९६ च्या लोकयोजना मोहिमेत ग्रामसभांना आराखड्याच्या आरंभीच स्थान दिले.

अलीकडे काही देशांत नागरिकसभा या नावाने चिठ्ठीची जुनी पद्धत पुन्हा पुढे आली आहे. लोकसंख्येतील वय, लिंग, प्रदेश यांचे प्रमाण राखून सोडतीने सामान्य नागरिक निवडतात. ते तज्ज्ञांचे म्हणणे ऐकून, अनेक दिवस विचार करून शिफारस करतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००४ मध्ये हा प्रयोग केला. आयर्लंडमध्ये २०१६-१८ या काळात ९९ नागरिक व एक अध्यक्ष अशा सभेने गर्भपाताच्या घटनात्मक बंदीविषयी शिफारस केली आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात मतदारांनी ती बंदी उठविली. ग्रामसभेचे दार सर्वांना उघडे असते, पण बसतात ते सवड व वजन असलेले. नागरिकसभेत थोड्यांनाच प्रवेश असतो, पण ते थोडे सर्व थरांतील असतात. शिवाय त्यांना भत्ता, माहिती व वेळ मिळतो. महाराष्ट्रात सोडतीची पद्धत सरपंचपदाच्या आरक्षणासाठी रूढ आहे. लाभार्थींची यादी किंवा सामाजिक अंकेक्षण तपासणाऱ्या समितीसाठी ती वापरण्यास हरकत नसावी. फडावर गेलेल्या मजुराला मात्र सोडतही बोलावू शकत नाही.

नागरी भागात ग्रामसभेसारखी संस्था जवळजवळ नाही. २००९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात क्षेत्रसभांची तरतूद झाली, पण तिची अंमलबजावणी क्वचितच झाली. गावाचे रूपांतर नगरपंचायतीत होताच तेथील ग्रामसभा कायद्याने संपुष्टात येते. धाराशिव जिल्ह्यात लोहारा व वाशी ही तालुक्याची ठिकाणे अशा रीतीने नगरपंचायती झाली आहेत. भूकंपात होरपळलेल्या सास्तूरचा लोहारा तालुक्यात समावेश होतो. सास्तूरच्या मतदाराला आज वर्षातून चार वेळा हिशेब विचारता येतो. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला पाच वर्षांतून एकदा मत देता येते.